खालच्या थरात उभे राहणे

तीर्थरूप बाबांना लाजलेल्या अनुजाचा नमस्कार.

आमची कॅम्परव्हॅन मनालीच्या पुढे पोहोचली आहे. स्वेटर पुरतो, असे आईला सांगा.

फोनवर मी "सगळे छान" म्हणाले, ते खरे नव्हते. काल मैत्रीण दीपिका कडा चढत असताना तिचा दोर खाली माझ्या हाती होता. तिचा पाय निसटताच मी घाबरून तो सोडला. प्रशिक्षकांनी वेळीच पकडला, म्हणून तिचा गुडघाच खरचटला.

"काय गं, बाबा तुझे गोविंदा पथकात ना?" एवढेच ती हसून म्हणाली.

लालबागच्या हंडीत वीस वर्षे तुम्ही खालच्या थरात, सगळ्यांचा भार घेऊन उभे राहता. मी मात्र खिडकी लावून त्याला धांगडधिंगा म्हणत आले.

तुमचा खांदा अजून दुखतो का? परतल्यावर मला तसे उभे राहायला शिकवाल?

तुमची
अनुजा