मोरीकडचा खांब

प्रिय ठकू,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. मावशीला बजावलंय, पत्र तिच्या हातात दे आणि वाचून होईपर्यंत समोरून हलू नको. ओळी तिरक्या जातील, शब्द चुकतील. चुकू देत.

आधी इथलं सांगते. कारखान्यात पॅकिंगच्या हॉलला अजून कुलूप आहे. कोसळलेला लोखंडी माळा कापून बाहेर काढला, मागच्या भिंतीला रचून ठेवलाय. पॅकिंगमध्ये आपण जिला वहिनी म्हणायचो, तिचा नवरा रोज फाटकाशी येऊन उभा राहतो. भांडत नाही, काही मागत नाही. ती बिचारी साबणाच्या पावडरीची पोती मोजायला वर चढली आणि माळ्यासकट खाली येऊन जागीच गेली, यात तो भांडणार तरी कुणाशी? परवा मी मान खाली घालून निघाले होते, तर मलाच म्हणाला, ताई, पोरगी कशी आहे तुमची, जेवते का नीट? मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मॅनेजर मात्र हात झटकून मोकळा. म्हणे, ड्रॉइंग विभागातल्या मुलीनं लेखी दिलं होतं की माळा दुप्पट वजन पेलेल, मी फक्त पोती चढवली. अगं, तो तर तुझा अभ्यासाचा कागद होता, कॉलेजला पाठवायचा! यानंच तो तुझ्या टेबलावरून उचलून नेला, हे कोणी विचारत नाही. चौकशीवाले तुझ्यावर खटला भरायचा म्हणतायत. आणि तू मावशीकडे दार लावून बसलीस, परीक्षेलाही गेली नाहीस.

त्या अभ्यासाला मी काय कमी नावं ठेवली! घरबसल्या कोणी इंजिनियर होतं का, म्हणायचे. ज्या सरांचं तोंड फक्त फोनच्या काचेत दिसतं, ते काय कान पिळणार? तू भांडी घासता घासता त्यांचं ऐकायचीस, आणि ते फायनाइट एलिमेंट की काय, ते मलाही शिकवायला बघायचीस. एवढा मोठा सांगाडा एका दमात कळत नाही आई, म्हणून त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे, एकेकाला विचारायचं तुझ्यावर भार किती, तू वाकतोस किती, आणि सगळ्यांची उत्तरं जोडायची. मी म्हटलं, हजार तुकड्यांची विचारपूस करतेस, आईचे गुडघे दुखतात का ते एकदा विचार. हसता हसता तू साबणाचा हात डोळ्याला लावून घेतलास. मग स्क्रीनवर आपल्याच कारखान्याचा माळा दाखवलास, निळा, हिरवा, कुठे कुठे लाल. खांबांच्या बुडाशी बारक्या त्रिकोणी खुणा. त्या कसल्या विचारलं, तर म्हणालीस, इथे खांब जमिनीला पक्का धरलाय असं मी सांगते. मी सांगेन ते कॉम्प्युटर खरं मानतो. खोटं सांगितलं तरी चित्र असंच सुरेख येतं.

ते तुझं बोलणं आता कानातून जात नाही.

सरांनी तुझा कागद परत पाठवला होता, खाली एकच ओळ लिहून. खांब खाली कसे बसवलेत ते प्रत्यक्ष पाहिलं का? सहातले पाच तू पाहून आली होतीस, प्रत्येकाला चार चार बोल्ट. सहावा मोरीकडचा, तो पोत्यांच्या थप्पीआड राहिला, आणि कागद पाठवायची शेवटची तारीख डोक्यावर. तू म्हणालीस, आई, तू रोज तिथे आत शिरून फरशी पुसतेस, एवढं बघून ये ना. मी गेले. गुडघा ठणकत होता, मुकादम बोंबलत होता, बादली सांडली होती. वाकायचं तेवढं राहिलं. संध्याकाळी घरात पाऊल ठेवते न ठेवते तोच तू विचारलंस, आणि मी खेकसले, आहेत गं बाई चारही, डोकं खाऊ नकोस.

मी पाहिलंच नव्हतं, ठकू. आणि त्याहून वाईट सांगते. त्या खांबाच्या बुडाच्या लोखंडी पट्टीखाली माझं पुसायचं पाणी एका अंगाने शिरायचं आणि दुसऱ्या अंगाने निघायचं, हे मला दोन वर्षं दिसत होतं. चौकशीत निघालं, मोरी खणली तेव्हा बोल्ट काढले होते, परत कोणी बसवलेच नाहीत. खांब नुसता टेकलेला, माळा सरकला तो तिथूनच. मला वाटायचं, बरंय, घाण साचत नाही.

चौकशीत तू सांगितलंस, सगळे बोल्ट मी स्वतः पाहिले होते. मी दाराबाहेर बाकावर बसले होते, मला स्पष्ट ऐकू आलं. उठून आत यायला चार पावलं लागली असती. नोकरी जाईल, तुरुंगात टाकतील, लोक तोंडावर थुंकतील, असलं सगळं मनात आलं आणि मी पोटच्या पोरीच्या आड लपून बसले. दुसऱ्या दिवशी तू निघून गेलीस. आज सकाळी मी आधी फाटकाशी वहिनीच्या नवऱ्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली. मग आत जाऊन चौकशीच्या साहेबांपुढे सगळं ओकले. ते म्हणाले, बाई, विचार करून सही करा. मी म्हटलं, विचार करण्यातच तीन आठवडे गेले, पेन द्या. उद्यापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय, पुढचं काय ते कळेल. सोमवारी तुला परत बोलावतील. माझी जबानी वाचून दाखवतील आणि विचारतील, हे खरं का? तू हो म्हणायचंस. मला वाचवायला आता एक अक्षर जरी खोटं बोललीस, तर गाठ माझ्याशी आहे.

तुझीच,
आई