पठारावर उगवलेली ज्वारी

येलदरी, ८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आईस,
वैजूचा शि. सा. न.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. गुडघा कसा आहे? शिवादादा आडतीचं दुकान वेळेवर उघडतो, की अजून लोळत पडतो?

मागच्या आठवड्यात पठारावर ज्वारी दिसली. चार-पाच ताटं. जुलैत अप्पा हट्टानं वर चढून मला भेटायला आले होते ना, त्याच खडकापाशी. घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला, तेव्हा आडतीवरच्या नमुन्याचे दाणे सांडले. आम्ही वेचले, पण काही राहिले असणार. अप्पा जाऊन महिना झाला आणि त्यांची ज्वारी माझ्या कमरेला लागलीय.

पण आई, ती मला उपटावी लागेल. या पठाराला चारी बाजूंनी कडे. इथं ना कधी नांगर लागला, ना गुरं चढली. माणसाचा हात नसताना गवत कसं वाढतं, तेच तर आम्ही बघतोय. बाहेरचं रोप दिसलं की दाणा भरायच्या आत काढायचं, हा नियम मीच सगळ्यांना शिकवते. रोज उपटायला जाते आणि रडून परत येते.

माया आहेच तुझी, या दिवसांत जरा जास्त असू दे.
वैजू


सोनपेठ, १३ सप्टेंबर

चि. वैजूस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

अगं माय! हात लावू नको त्या ज्वारीला. माणूस गेलं, आता त्यानं सांडलेलं बी उपटायलीस का? लय शिकलं म्हणून काळीज एवढं घट्ट करायचं?

मी रोज समाधीवर बेल वाहायला जाते. तिथं नुसती माती हाय, हिरवी काडी न्हाई. आन् तिकडं ते उगवलेत! मला यायचंय. कणसावरून एकदा हात फिरवीन, मग काय करायचं ते कर. शिवा म्हणतो, कड्यावरून पडशील. पडले तर पडले.

त्याला उगं चिडवू नको. अप्पांच्या गादीवर तो अजून बसला बी न्हाई.

रागानं लिहिलंय, पण जीव तुझ्यातच हाय.
आई


येलदरी, १८ सप्टेंबर

तीर्थरूप आईस,
शि. सा. न.

तू येऊ नकोस. शेवटी दोर धरून चढावं लागतं. अप्पांना वर आणताना माझा जीव अर्धा झाला होता.

कणसं बाहेर पडलीत. दाणा भरला की पाखरांचे थवे येतील, त्यांच्याबरोबर शेतातलं तण येईल. इथलं गवत एकदा गेलं की परत आणता यायचं नाही. हे सगळं मला कळतं गं. तरी तू नको म्हणालीस तर मी उपटणार नाही, नोकरी राहो की जावो. तूच सांग.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.
वैजू


सोनपेठ, २२ सप्टेंबर

चि. वैजूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून घास उतरंना. शेवटी शिवाला विचारलं, अप्पा काय म्हणले असते? तो रडायलाच लागला. म्हणला, एका शेतकऱ्याच्या ढिगातला दाणा दुसऱ्याच्या ढिगात गेला, तर अप्पा सोता खाली बसून वेचायचे, गिऱ्हाईक ताटकळलं तरी. पोरगं खरं बोललं. जिंदगीभर त्यांनी हेच इमान राखलं. तुझ्या पठारावर आपले दाणे राहिलेत हे कळलं असतं, तर तसेच परत कडा चढले असते.

उपट बाई. माझ्यासाठी कणीस आणू नको. घरात ठेवलं तर रोज बघावं लागंल.

आशीर्वाद देते, धीर कुठून देऊ?
तुझी आई


येलदरी, २६ सप्टेंबर

तीर्थरूप आईस,
शि. सा. न.

आज उपटली. लय जोर लागेल असं वाटून पाय रोवले, दोन्ही हातांनी बुंधे धरले, डोळे मिटले आणि ओढलं. खडकावर माती बोटभरच. सगळी ताटं एकदम हातात आली, मीच मागं पडले.

आई, थोडी तरी धरून राहतील असं वाटलं होतं गं.

तुझी,
वैजू