दोन ढगांमधला ठिपका

पार्से, १४ नोव्हेंबर

इतके दिवस वही उघडली नाही, चुकलंच.

रेडिओ दुर्बिणीच्या आकाश-नकाशातले दोन धूसर ढग एकाच दीर्घिकेने फेकलेले आहेत, असं मी आमच्या हौशी खगोलप्रेमींच्या गटात सांगून बसलो. पण ते फेकणारं केंद्रक, म्हणजे दीर्घिकेचा धगधगता गाभा, मध्ये दिसेना. दोन वेगळ्या दीर्घिका असतील तर? मग शोध मागे घ्यावा लागेल.

"तुमचे ते ढग जुळे काय शेजारी, ता ठरवा नि जेवूक येवा!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

जास्त वारंवारितेचा नकाशा लावला; त्यात पसरट ढग फिके पडतात, गाभा उठून दिसतो. ढग विरले, मध्ये बारीक ठिपका उरला. नुसता यंत्राचा गोंगाट? नाही, दुसऱ्या सर्वेक्षणातही ठिपका तिथेच, साध्या दुर्बिणीच्या छायाचित्रातल्या दीर्घिकेवर नेमका. केंद्रक जागं आहे. मागे घेत नाही.

"जुळेच गो!"

उद्या: नव्या नकाशासोबत ठिपका न दिसणारा पहिला नकाशाही गटाला पाठवणे, त्यांनाही पडताळता यावं म्हणून.