पैजेचा कपॅसिटर

तीर्थस्वरूप आत्यास भाच्याचा साष्टांग नमस्कार. (आणि हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या नर्सबाईंनाही. बाई, काही कंस फक्त तुमच्यासाठी आहेत, ते ओळखून मनातल्या मनात वाचावेत.) इकडे सर्व खुशाल. तुझी पाठ, तुझे गुडघे आणि तुझा स्वभाव सध्या कसा आहे ते कळव. डोळ्यांबद्दल मी विचारत नाही. फोनवर डोळ्यांचं नाव काढलं की तुझं दूध उतू जातं आणि फोन बंद होतो. दिवसातून पाच वेळा दूध तापवणारी एकटी बाई मी दुसरी पाहिली नाही. म्हणून हे पत्र. ते मध्येच बंद करायची सोय नाही, कारण ते बाईंच्या हातात आहे.

पैज तुला आठवत असेलच. कारखान्यातल्या मैत्रिणींनी निवृत्तीच्या दिवशी दिलेला तुझा रेडिओ मुका झाला, म्हणून मी तो दुरुस्तीला इकडे आणला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि एक कपॅसिटर गेलाय असं सांगितलं. ते तुला फोनवर कळवताना माझ्या तोंडून निघून गेलं की त्यात काय मोठंसं, एवढीशी तर गुंडाळी, मीसुद्धा करीन. एकतीस वर्षं त्याच गुंडाळ्या वळणाऱ्या बाईला हे ऐकवायची अक्कल मला कुठून सुचली कोण जाणे. तू शांतपणे म्हणालीस, "कर की. तुझ्या हातच्या कपॅसिटरवर माझा रेडिओ वाजला तर मी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेईन. नाही वाजला तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." डॉक्टर म्हणतात आता आणखी उशीर नको, आणि तुझी नजर अडकली माझ्या गुंडाळीत. एवढी जोखीम मी उभ्या जन्मात घेतली नव्हती. माझ्या बाइंडिंगच्या दुकानात फार तर एखादं पान उलटं शिवलं जातं.

पण खरं सांगतो, मला आत्मविश्वास भरपूर होता. पंचवीस वर्षं पुस्तकं बांधतोय, कागद माझ्याइतका कोण ओळखणार? कृती तर तोंडपाठ झाली होती. फॉइलच्या दोन लांब पट्ट्या, मध्ये कागद, आणि दोन्ही पट्ट्यांनी एकमेकींना कधी शिवायचं नाही. एका घरात राहून वर्षानुवर्षं अबोला धरणाऱ्या जावांचा प्रकार. मी सौ.च्या स्वयंपाकघरातली फॉइल घेतली (विचारून घेतली असं मी म्हणतो, ती तसं म्हणत नाही), फॉइल, कागद, फॉइल अशी थप्पी केली आणि झकास गुंडाळली. आता तू हसत असशील. थप्पी गुंडाळली की एका फॉइलची पाठ फिरून दुसरीला जाऊन चिकटते, म्हणून कागद दोन लागतात, हे मला तुझ्या नातीने मीटर लावल्यावर कळलं. मीटर जो ओरडला तो थांबेना. "बाबा, ही नुसती जाड तार झाली," असं म्हणून ती कॉलेजला निघून गेली.

दुसऱ्या खेपेला कागद दोन घेतले, पण हाताची खोड जाते कुठे? सैल कागद माझ्या डोळ्यांना खपत नाही. मी प्रत्येक थराला बोटाने खळ लावली, अगदी पातळ, आणि गुंडाळी पुस्तकांच्या प्रेसमध्ये दोन दिवस दाबून ठेवली. ओल्या खळीतून वीज खुशाल ये-जा करते, हे बाइंडिंगमध्ये कुणी शिकवत नाही. रेडिओला जोडल्यावर बातम्या देणारा माणूस गुळण्या करत बातम्या देऊ लागला. "हात कोरडा, कागद कोरडा आणि तोंड बंद," हा तुझा कारखान्यातला नियम लहानपणी मी रोज ऐकत होतो, तो तेव्हा आठवला. तोंड बंदची गरज मला तर फोनवरच होती.

तिसऱ्या खेपेला मेणबत्त्या वितळवून कागद मेणात बुडवले. त्याबद्दल फार लिहीत नाही. पातेलं नवीन आणलं आहे, आणि निवृत्त मुख्याध्यापकांच्या आत्मचरित्राच्या मुखपृष्ठावर जो डाग पडला तो त्यांना चंद्र वाटला आणि आवडला.

चौथा मात्र जमला, आत्या. काकडीएवढा झाला, रेडिओचं मागचं झाकण लागणार नव्हतं, पण जमला. तुझ्या नातीने मीटर लावला, आकडा हवा तिथे येऊन उभा राहिला, आणि सौ.ने फॉइलचा सगळा इतिहास पोटात घातला. तिथे थांबायचं की नाही? पण गुंडाळीची टोकं मोकळी दिसत होती. पुस्तक बांधणाऱ्या माणसाने टोक मोकळं सोडायचं म्हणजे बटणं न लावता लग्नाला जायचं. मी वरून कापड चढवलं, पाठीवर सोनेरी अक्षरांत 'आत्या' असा छाप उठवला, मग दुकान उघडताना तू दिलेला सुयांचा पत्र्याचा डबा काढला, त्यातली सगळ्यात बारीक सुई निवडली आणि दोन्ही टोकांना तीन-तीन सुबक टाके घातले. आरपार. एकूण एक थरातून. प्रत्येक भोकात इकडची फॉइल तिकडच्या फॉइलला जाऊन भेटली. मीटर पुन्हा ओरडला, तेव्हा घरात कुणी हसलंसुद्धा नाही.

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक आलं तरी मी उठलो नाही. समोर ती देखणी, निकामी काकडी, आणि डोक्यात एकच, की आता आत्या डोळे दाखवणार नाही आणि ते माझ्या टाक्यांमुळे. मग वाटलं, मला एक धड वळता आला नाही, तू दिवसाला किती वळत होतीस? आईबाबा गेल्यावर सातवीतल्या मला तू घरी आणलंस. संध्याकाळी कामावरून यायचीस तेव्हा बोटं ताठलेली असायची, ती कोमट पाण्यात बुडवून बसायचीस आणि मग त्याच बोटांनी माझ्या वह्यांना कव्हरं घालायचीस. कोपऱ्याची घडी कशी बसवायची ते मी तिथे शिकलो, आणि आज माझं घर त्या घडीवर चालतं. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. 'एवढीशी गुंडाळी' म्हणालो त्याबद्दल माफ कर. त्या गुंडाळीनेच मला वाढवलं. मी तुझा फार ऋणी आहे. (बाई, हे जरा सावकाश वाचा. ती मध्येच पाणी मागेल, द्या, पण पुन्हा पहिल्यापासून वाचा.)

असो. शेवट गोड आहे. हे लिहितोय तेव्हा तुझा रेडिओ माझ्या टेबलावर वाजतोय, हाताने वळलेल्या कपॅसिटरवर, आणि आवाज अगदी स्वच्छ आहे. मागचं झाकणसुद्धा लागलं. पैजेचं काय ते तू समजून घे.

सौ.चा आणि नातीचा नमस्कार.

तुझा,
भाचा

ता. क. सौ.ने पत्र वाचलं आणि म्हणाली, आत्यांशी लबाडी करताय? म्हणून खरं लिहितो. सुई परत ठेवताना सुयांच्या डब्याच्या तळाशी एक कपॅसिटर सापडला. बोटाच्या पेराएवढा, तपकिरी. किंचित वाकडा वळला म्हणून तुमच्या साहेबांनी बाद केलेला, तू मला खेळायला आणून दिलेला. मी त्याला रणगाडा करून फिरवत असे. नातीने मीटर लावला, तो ठणठणीत निघाला. रेडिओ त्यावर वाजतोय. हात होता, पण तुझा.

ता. क. २. म्हणजे पैज मी हरलो. विषय काढायचा नाही असं ठरलं होतं, मी काढत नाही. फक्त कळवतो की येत्या गुरुवारी सकाळी तुला न्यायला येतोय आणि शुक्रवारी इकडच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. कुणासाठी ते लिहिलं तर विषय काढल्यासारखं होईल. (बाई, तिची पिशवी भरून ठेवा. हा कंस मनात.)

ता. क. ३. पाकिटात एक घडी घातलेला कागद वेगळा आहे. त्यावर मी मुद्दाम मुंगीएवढं अक्षर काढलं आहे. तुझा रेडिओ परत देताना मला जे तोंडाने कधी सांगता आलं नसतं ते त्यात लिहिलं आहे. बाईंनी तो वाचून दाखवायचा नाही, तसं त्यांनी मला फोनवर कबूल केलं आहे. तो तू वाचायचा, तुझ्या डोळ्यांनी. घाई नाही. शुक्रवारनंतर कधीही.