एकेचाळीस रकाने आणि एक जीप

३ मार्च
ठरलं. बाबांच्या जीपचं जुनं इंजिन आज भंगारात गेलं. त्या जागी व्हॅनचं डिझेल इंजिन बसणार. प्रश्न उरला गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचा. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा डबा, पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा. हे मला माहीत आहे. मेहुण्याला नव्हतं, म्हणून जेवताना समजावलं. तो म्हणाला, त्याची जीप हे न समजताच चालते. बायको हसली. दोघं एकाच आईची लेकरं.

मुदत ६ मे. त्या दिवशी बाबांना ऐंशी पूर्ण. ज्या खाणीवर त्यांनी तीस वर्षं मोजणीचं काम केलं, तिथे त्यांना स्वतःच्या जीपमधून एकदा जायचंय. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ते चालवू शकत नाहीत. मी नेणार. शब्द दिलाय.

५ मार्च
मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस माझ्या डोक्यात जातो. मी रेशो समजावत होतो आणि हा फडक्याला हात पुसत होता. त्याचं म्हणणं, डबा जुनाच ठेवा, त्याला जुळेल तो गिअरबॉक्स घ्या. वर विचारतो, पुढच्या ॲक्सलचा गोळा, म्हणजे शाफ्ट जिथे येऊन जोडतो तो फुगवटा, कुठल्या बाजूला आहे ते गाडीखाली जाऊन बघितलं का. डब्यातून निघणारा शाफ्ट त्याच बाजूला हवा म्हणे. तीन महिने अभ्यास केलेल्या माणसाला हा जमिनीवर झोपायला सांगतो.
संकल्प: याच्याशी कामापुरतंही बोलायचं नाही.

९ मार्च
एक्सेल शीट तयार. एकेचाळीस रकाने. वजन, लांबी, रेशो, तेल किती, सगळं. बेचाळिसावा 'बाजू' असा घालणार होतो, पण मग शीट एका पानावर छापून येईना. काढला.

१४ मार्च
बाबांनी पंपाच्या नव्या स्विचखाली लिहून ठेवलंय, 'खाली म्हणजे चालू'. पांढरा ऑइलपेंट, जाड अक्षर. नळ, डबे, शिडी, घरात एक वस्तू सोडली नाही या माणसाने. शेवटी तोंडावर म्हणालो, बाबा, लोकांना अक्कल असते.
"असते," ते म्हणाले. "पण घाईत ती खिशातच राहते."
पुढे वाद घातला नाही. वय.

२ एप्रिल
माल आला. शीटमध्ये पहिला नंबर आलेला गिअरबॉक्स आणि पहिला नंबर आलेला डबा. याची लो रेंज अशी की भिंतीवरसुद्धा चढेल. मिस्त्री न बोलावता आला, पाच मिनिटं गाडीखाली गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, डब्याचा शाफ्ट डावीकडून निघतो, तुमचा गोळा उजवीकडे. डबा परत करा, त्यात लाजायचं काय.
लाजतंय कोण? त्याला चहासुद्धा विचारला नाही.

४ एप्रिल
उपाय सापडला. डबा बरोबरच आहे, ॲक्सल चुकीचा आहे. ॲक्सल उलटा केला, खालची बाजू वर, की गोळा आपोआप डावीकडे. इतकं सोपं. मिस्त्रीने कानांवर हात ठेवले आणि काम सोडलं. इंटरनेटवरही एकाने 'चुकूनसुद्धा करू नका' असं लिहिलंय, पण त्याच्या प्रोफाइलला मांजराचा फोटो आहे.

१७ एप्रिल
वेल्डर मिळाला. गेट आणि खिडक्यांचे ग्रिल करतो. मुख्य म्हणजे प्रश्न विचारत नाही. आज फक्त एकदा फोन आला, ॲक्सलवर पांढऱ्या रंगाने काहीतरी लिहिलंय, वाचून दाखवू का. म्हटलं, वडिलांना सवय आहे, तू लक्ष देऊ नकोस.

२९ एप्रिल
जीप रस्त्यावर. लोण्यासारखी चालली. मिस्त्रीच्या गॅरेजवरून तीनदा गेलो, तिसऱ्यांदा हॉर्न देऊन. त्याने मान वर केली नाही. जळतो.
बायकोने विचारलं, फोर व्हील लावून बघितलं का. पक्क्या रस्त्यावर फोर व्हील लावणं अडाणीपणाचं आहे, हे तिला समजावलं. मग कच्च्या रस्त्यावर जा, म्हणाली. भावाचं वळण, दुसरं काय.

६ मे, सकाळी ७
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून साडेपाचपासून गेटपाशी उभे आहेत. मेहुणा त्याची जीप घेऊन मागून येणार म्हणे. कशाला ते कळत नाही.

६ मे, संध्याकाळ
घडलं ते असं.
चढाच्या पहिल्या वळणावर सुटे दगड होते. फोर व्हील लावलं. मागची चाकं पुढे निघाली आणि उलट्या ॲक्सलवरची पुढची चाकं मागे. जीप जागच्या जागी स्वतःशीच भांडत थरथरली. मग खालून एक आवाज आला. पुढचा शाफ्ट तुटला होता.
बाबांनी डॅशबोर्डवर दोनदा हात ठेवला आणि उतरले. मेहुण्याने दार उघडून धरलं होतं. जाताना मला एवढंच म्हणाले, "चाकांखाली दगड लाव. घसरेल."
लावले. मेहुण्याची जीप वर जाताना दिसत होती. पुढच्या सीटवर बाबा, हाताने काहीतरी दाखवत होते. ते मला दाखवायचं होतं त्यांना.
दोन तास होते. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गाडीखाली गेलो. पहिल्यांदाच. नाकाच्या बरोबर वर पांढरा पेंट, जाड अक्षर: 'ही बाजू वर'.
ॲक्सल सरळ असता तर हे वरच्या अंगाला असतं, खालून कधी दिसलंच नसतं. तेव्हा मिस्त्रीचं ऐकून आधी झोपलो असतो तरी उपयोग नव्हता.
ते परत आले तेव्हा मी तिथेच होतो. मेहुण्याने वाकून विचारलं, काय करताय. म्हटलं, तेल बघतोय. बाबाही वाकले. त्यांनी अक्षर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात पुसायला आपला रुमाल पुढे केला.
माझे हात स्वच्छ होते.