चौथ्या फोनची वेळ

एडमंटन,
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

प्रिय अल्बर्ट,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कुरिअरने येऊन पंधरा दिवस झाले. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच गिचमीड आहे. माझा गुडघा बरा आहे, गाडीला विंटर टायर्स लावून झाले. माझा अवनेर मंगळवारी ऑफिसच्या कामासाठी टोरांटोला येतोय, तोच हे पत्र तुला ओकव्हिलला आणून देईल. पोस्टाच्या संपामुळे टपालावर माझा भरवसा नाही.

इथे शिक्षकांचाही संप आहे. शाळा बंद, त्यामुळे अवनेरची ओरित दिवसभर माझ्या ताब्यात. नऊ वर्षांची आहे आणि वाद घालण्यात थेट तुझ्यावर गेली आहे. तिला भूगोल आणि आकाश शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्याच दिवशी एका संत्र्याला दोन लवंगा टोचल्या, एक तुझं ओकव्हिल, एक आमचं एडमंटन, आणि टॉर्चसमोर हळूहळू फिरवलं. तुझी लवंग आधी अंधारात गेली.

"म्हणजे अल्बर्ट-आजोबांचा शब्बाथ आधी संपतो? दॅट्स नॉट फेअर."

मी म्हटलं, त्यांचा सुरूही आधीच होतो, झाली की बरोबरी.

मग रेवदंड्याला शनिवारी शब्बाथ सुटला का ते बघायला आई मागच्या दारात उभी राहून तीन तारे कशी मोजायची, ते सांगितलं. तिसरा दिसल्याशिवाय चूल पेटायची नाही आणि आपण दोघं भुकेने कळवळायचो. ओरितला ते फार आवडलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी जाड पार्का घालून ड्राइव्हवेत उभ्या असतो. डोक्यावर अभिजित, पश्चिमेला स्वाती. तिसरा म्हणून मी परवा आग्नेयेकडे बोट दाखवलं तर म्हणते, "आजी, तो सॅटर्न आहे. इट डझन्ट काउंट." तिसरा खरा तारा कितीला दिसला, ते ती वहीत लिहिते. काल, शनिवारी, सव्वासातला दिसला.

इथपर्यंत लिहून मी दोनदा चहा केला. आता पुढचं लिहिते.

तुझ्या पत्रात तू माफी मागितलीस. आई गेली त्या ऑक्टोबरमधल्या शनिवारी तू तिच्या उशाशी बसून मला चार वेळा फोन केलास. सव्वासात, आठ, पावणेनऊ, साडेनऊ. फोन तिच्या कानाशी धरलास आणि तिला नुसती रिंग ऐकू गेली. तेव्हा मी तुला सांगितलं होतं की आमच्याकडे शब्बाथ सुटलाच नव्हता, फोन उचलता येत नव्हता. त्यावर तू चार वर्षं बोलला नाहीस. आणि आता लिहितोस की दोन तासांचा फरक माझ्या ध्यानातच आला नाही, तुझ्याकडे अजून उजेड होता, मी उगाच तुला दगडाच्या काळजाची म्हटलं. पुढच्या महिन्यात, हिब्रू तिथीने येणाऱ्या आईच्या वर्षाच्या दिवसाला ये, मलिदा तुझ्याच हातचा हवा.

मला इतका आनंद झाला की तुझं पत्र मी ओरितला गणित म्हणून दिलं. मूर्खपणा म्हण, नाहीतर मिरवणं म्हण. खोटं चार वर्षं सांभाळलं की ते आपल्यालाच खरं वाटायला लागतं. तिने चारही वेळांतून दोन-दोन तास वजा केले, वहीतल्या ताऱ्यांच्या वेळा शेजारी मांडल्या आणि पेन्सिल थांबवली.

"आजी, द लास्ट वन. साडेसात. तेव्हा तारे आलेले असतात."

मग तीच माझ्याकडे बघून म्हणाली, "मेबी इट वॉज क्लाउडी?"

मी हो म्हटलं. तिने त्या साडेसातपुढे नीट अक्षरात 'क्लाउडी' लिहिलं.

अल्बर्ट, त्या दिवशी एकही ढग नव्हता. पहिल्या तीन फोनांचा जाब मी देवापुढे देईन. आईच म्हणाली असती, थांब, तारे येऊ देत. पण चौथ्या वेळी मी तारे मोजून घरात आले होते. फोन ओट्यावर वाजत होता आणि मी त्याच्यासमोर हात पुसत उभी होते. तुझं नाव दिसत होतं. कशासाठी करतोयस तेही कळत होतं. सप्टेंबरपासून आई विचारत होती, कधी येतेस, आणि मी दर वेळी पुढच्या आठवड्यावर ढकलत होते. तिने पुन्हा तेच विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भ्याले. रिंग थांबली तेव्हा मला हायसं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आज सकाळी ओरितला सांगितलं. तिने वही पुढ्यात ओढली. "सो यू सॉ देम?" म्हणाली. मग खोडरबर आणलं, 'क्लाउडी' पुसून 'क्लिअर' लिहिलं आणि विचारलं, "आर यू गोइंग टू टेल हिम?"

गप्प बसून मी पुढच्या महिन्यात तुझ्याकडे आले असते, तू मिठी मारली असतीस. मला ती मिठी हवी आहे रे. चार वर्षं हवी आहे. पण माफी तू मागायची नव्हतीस, मी मागायला हवी होती. ती मागते. आता मला बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

येत्या शनिवारी तारे दिसले की मी तुला फोन करीन. माझे साडेसात, तुझे साडेनऊ. उचलायलाच हवास असं नाही. तू जितका वेळ वाजू दिला होतास, तितका वेळ मीही वाजू देईन.

तुझी,
एस्सीताई