पाहुण्याचं जेवण कुणी पुसलं?

डमडम, १४ जून २०२५ (ईमेलने)

ती. प्रेमलता आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू घरी शिकवलेलं जावास्क्रिप्ट इथे कोलकात्यात, सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात माझ्या अंगाशी येतंय. आमच्या गेस्टहाउसच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पाहुणा म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्यात नाव, खोली, जेवण या प्रॉपर्टी. (तुझ्या पद्धतीने नावं मराठीत लिहिते.) काल सकाळी पाहुणा.जेवण लिहिलं, ‘शाकाहारी’ आलं. मग काउंटरवर जी प्रॉपर्टी निवडतील ती दिसावी, म्हणून निवडलेलं नाव ‘काय’ या व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि पाहुणा.काय असं लिहून जेवायला गेले. परतून चालवलं, तर काहीही निवडा, उत्तर ‘अनडिफाइन्ड’! एरर नाही, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर. माहितीच कुणीतरी पुसली.

शेजारची मानसी सेन तेव्हा एकटीच जागेवर होती. मला पाहताच तिने स्क्रीन फिरवली. आम्हा दोघींपैकी एकीलाच कायम करणार आहेत. सोमवारी साहेबांकडे तक्रार देतेय. बाबा म्हणतात, उगाच संशय घेऊ नकोस. माझ्याकडून अन्याय तर होत नाही ना?

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी चैत्राली

पुणे, १५ जून

चि. चैत्रालीस,
अ. उ. आ.

तक्रार थांबव. आधी अख्खा पाहुणा कन्सोलवर छापून बघ. सगळं जागेवर असेल, तर मानसी सुटली आणि तू सापडलीस!

टिंबापुढे लिहिशील तेच नाव जावास्क्रिप्ट शोधतं. ‘काय’ नावाची प्रॉपर्टी पाहुण्यात आहे कुठे? नसलेली प्रॉपर्टी मागितली तर ते ओरडत नाही, गुपचूप ‘अनडिफाइन्ड’ देतं. व्हेरिएबलमधलं नाव वापरायचं, तर चौकटी कंस हवेत: पाहुणा[काय]. मग आधी ‘काय’मध्ये डोकावेल, तिथे ‘जेवण’ दिसलं की जेवण वाचेल.

पोलिसात शोभली असतीस, पण तिथेही पुरावा मागतात गं.

माझा लोभ आहेच, तुझाही असू दे.
आत्या

डमडम, १७ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सगळं जागेवर होतं. कंस घातले आणि ‘शाकाहारी’ आलं. तक्रार दिली नाही. तरी मन खात राहिलं, म्हणून मानसीला सगळं सांगून टाकलं.

ती हसली नाही. म्हणाली, तू सारखी माझ्या मागे येऊन उभी राहतेस. मला वाटायचं, माझं काम बघून स्वतःच्या नावावर खपवतेस, म्हणून स्क्रीन फिरवते. आत्या, मी तर फक्त ती कोड कसा लिहिते ते शिकायला बघत होते. आणि तरीही अडलं तेव्हा तुला लिहिलं, तिला विचारलं नाही.

आम्ही एकमेकींची माफी मागितली. मग तीच म्हणाली, चल, चहा घेऊ. उठताना मात्र दोघींनीही आपापला संगणक लॉक केला.

अशा भाचीवरही जीव लावत राहा.
तुझी चैत्राली